एकशे चाळीस उड्या

जाहिरात लहान होती आणि तिच्यातला बहुतेक मजकूर दोषांचा होता.

"विकणे आहे. वापरलेली रिग. डाव्या खांद्याच्या पट्ट्याला ग्रीसचा डाग आहे, धुऊन गेला नाही. मुख्य छत्रीच्या मागच्या कडेला दोन बोटांचं ठिगळ आहे, मी स्वतः लावलेलं. दोऱ्यांचं निम्मं आयुष्य संपलं आहे. बाकी ठीक." खाली नाव होतं, एझ्रा दिघोडकर, पनवेल.

विमानातून उड्या मारणाऱ्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यात ही जाहिरात आली. रिग म्हणजे उडी मारणाऱ्याच्या पाठीवरचं सगळं ओझं: पट्टे, पिशवी, आत मुख्य छत्री आणि ती फसली तर उघडायची राखीव छत्री. नवी रिग परदेशातून मागवावी लागते आणि ती यायला महिने जातात. म्हणून या गटात जुन्या रिगला मागणी असते, आणि जुनी रिग विकणारा तिचे दोष सहसा फोन केल्यावरही सांगत नाही. मी सतरा वर्षं वर्तमानपत्रात काम केलं आहे. विकणाऱ्याने आधी खोट सांगितलेली जाहिरात तोवर माझ्या पाहण्यात नव्हती.

दिघोडकरांना गटात सगळे काका म्हणत. कोणीही जुनी रिग घेण्याआधी तिचे फोटो त्यांना पाठवी. ते दोनपैकी एक उत्तर देत. 'घ्या' किंवा 'नको'. कारण विचारलं तर फोन करून अर्धा तास सांगत, पण उत्तर बदलत नसत. मुंबई-पुण्याच्या मंडळींत त्यांच्या 'घ्या'ला शिक्क्याची किंमत होती.

ते पनवेलला वडाळे तळ्याच्या मागच्या एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. पहिल्यांदा गेलो तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी 'या' म्हणण्याआधी खाली वाकून सांगितलं, "तिसरी पायरी हलते. तिच्यावर पाय देऊ नका."

मग म्हणाले, "या."

उंची बेताची, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, खिशात कापडी मोजपट्टी. वय बासष्ट. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरका बसवलेला, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेला पितळी मेझुझा होता. आत जाताना त्यांनी त्याला बोटं लावून ती ओठांना टेकवली आणि त्याच हाताने मला खुर्ची दाखवली. घराणं मूळचं उरणकडच्या दिघोड्याचं, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे दोन भाऊ केव्हाच इस्रायलला गेले होते, मुलगीही लग्न करून तिकडे गेली होती. हे दोघं नवराबायको मागे राहिले होते.

नोकरी विमानतळावर झाली होती, पण विमानात नव्हे. प्रवासी विमानातली लाइफ जॅकेटं, तराफे, संकटात दाराबाहेर फुगणाऱ्या घसरगुंड्या ठराविक मुदतीनंतर उघडून, तपासून पुन्हा घडी घालून ठेवाव्या लागतात. बत्तीस वर्षं त्यांनी ती घडी घातली. पंचेचाळिसाव्या वर्षी भावाकडे गेले असताना पहिली उडी मारली आणि मग राखीव छत्र्यांची घडी घालण्याचा परवानाही तिकडूनच काढून आणला. आता डोळ्याचा पडदा नाजूक झाला होता. डॉक्टरांनी उड्या बंद केल्या होत्या, म्हणून रिग विकायची होती.

"तुम्ही काय करता?"

"पत्रकार आहे. खारघरला राहतो."

"म्हणजे आकडा तपासून लिहिणारा माणूस." ते खूश झाले. "उड्या किती?"

"एकशे चाळीस," मी म्हणालो.

खरा आकडा एकसष्ट होता.

गटात मला आधीच कळलं होतं की शंभराच्या आतल्या माणसाला काका ही छत्री देणार नाहीत. ती दीडशे चौरस फुटांची होती. छत्री जितकी लहान, तितकी ती वेगाने खाली येते आणि वळताना उंची झपाट्याने गमावते. नवख्याने मोठी छत्री वापरायची असते. हे मला ठाऊक होतं. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, दर शिबिराला शिकाऊ लोकांच्या रांगेत उभं राहून भाड्याची, विटकी, भलीमोठी छत्री घ्यायचा मला कंटाळा आला होता. याहून मोठं कारण नव्हतं.

"चौरस फूट म्हटलं की पनवेलमध्ये लोकांना फ्लॅट आठवतो," ते म्हणाले. "सहाशे चौरस फुटांत जीव गुदमरतो म्हणतात. तुम्हाला दीडशे चौरस फुटांवर लटकायचंय. पुढच्या वेळी लॉगबुक आणा."

रिग त्या दिवशी त्यांनी दाखवलीसुद्धा नाही.

आतून रिबेकाकाकू चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "दोष सांगून झाले का सगळे? यांचं असंच आहे. मुलीच्या वेळी पाहुणे बघायला आले, तर यांनी पहिलं वाक्य काय टाकलं विचारा."

"खरं होतं ते," काका म्हणाले.

"म्हणाले, मुलगी घोरते! चहासुद्धा झाला नव्हता पाहुण्यांचा."

"त्यांनी केली ना पसंत?"

"त्यांनी केली. ती अजून बोलते का धड तुमच्याशी?"

खरेदी करतानाही हीच रीत होती. एकदा मी त्यांच्याबरोबर मासळी बाजारात गेलो होतो. धर्माप्रमाणे त्यांना खवल्यांचाच मासा चाले. ठरलेली कोळीण त्यांना पाहून कोळंबीवर फडकं टाकी आणि रावस पुढे करी. काका मासा हातात घेत, खवलं नखाने उचलून बघत, कल्ले उघडत, आणि तरीही विचारत, "याच्यात वाईट काय ते सांग आधी."

"वाईट काय असंल? मेलाय, येवढाच वाईट हाय," ती म्हणाली. "काका, तुमी मासा घेताव का त्याची जबानी?"

लॉगबुक म्हणजे उडी मारणाऱ्याची वही. प्रत्येक उडीची एक ओळ: तारीख, जागा, उंची, छत्री, शेरा, आणि साक्षीदाराची सही. माझ्या वहीत एकसष्ट ओळी होत्या. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या आठवड्यात मी दोन संध्याकाळी बसून उरलेल्या एकोणऐंशी लिहिल्या. तीन पेनं वापरली. त्यातलं एक मुद्दाम शाई संपत आलेलं घेतलं. सह्या वेगवेगळ्या कलाने केल्या. बनावट कागदपत्रं कशी ओळखावीत यावर मी पूर्वी एक लेख लिहिला होता, त्याचा उपयोग झाला.

दुसऱ्या भेटीला काकांनी वही दोन्ही हातांनी घेतली. पहिलं पान उघडलं. पहिल्या उडीच्या शेऱ्यात मी त्या वेळी लिहिलं होतं, 'दार उघडल्यावर सगळं विसरलो.' ते त्यांनी मोठ्याने वाचलं, हसले आणि वही मिटून परत दिली.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं कशाला? वहीवरून मी माणूस बघतो, हिशेब तपासत नाही. माणूस दुसऱ्याच्या जिवाबद्दल खोटं लिहील, स्वतःच्या जिवाबद्दल कशाला लिहील?"

ज्या माणसाने मासा, दोऱ्या आणि जिन्याची पायरी तपासली, त्याने ही एकच गोष्ट तपासली नाही.

त्यानंतर वजन. त्यांचा घरातल्या काट्यावर विश्वास नव्हता, कारण "तो बायकोला घाबरतो." ते मला रिक्षाने भाताच्या एका जुन्या गिरणीत घेऊन गेले. तिथे पोती तोलायचा मोठा काटा होता. गिरणीच्या अंगणात त्यांनी रिग माझ्या पाठीवर चढवली, मांड्यांचे पट्टे आवळले, छातीचा पट्टा लावला, आणि मला काट्यावर उभं केलं. कोंड्याने पांढरे झालेले तीन हमाल काम सोडून पुढे आले.

"काका, ह्या खेपेला कुठला वाण आनला?" एकाने विचारलं. काका नेहमी माणसं आणत असावेत.

"पेपरवाला आहे."

"मग कोंडाच असंल निस्ता."

"आमी भात तोलतो, मानसं नाय," दुसरा म्हणाला, पण वजनं त्यानेच चढवली. "एकोननव्वद. शेट, ह्यो पोता फुटला तर भरपाई कोन देनार?"

काकांनी खिशातून कागद काढून गुणाकार केला. किलोचे पौंड केले, त्यांना दीडशेने भागलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"एका चौरस फुटाला एक पौंड, हे नवख्याचं माप. तुमचं येतं एक पूर्णांक तीन. एकशे चाळीस उड्यांच्या माणसाला हे काठावर चालतं. शंभराच्या आत असतात, तर आत्ता इथूनच रिग परत नेऊन कपाटात ठेवली असती. तुमच्यासारखे दोघं जण मी इथून परत पाठवलेत. एकाने मला शिव्या दिल्या. त्याचे दोन्ही पाय अजून शाबूत आहेत."

त्या कागदावर 'उड्या एकशे चाळीस' असं लिहून त्यांनी मला सही करायला सांगितली. त्याच्या शेजारी स्वतः सही केली. मी सही केली.

तिसऱ्या वेळी मी चुकून शनिवारी गेलो. त्यांनी दार उघडलं, पायरीचं सांगितलं, आत घेतलं आणि म्हणाले, "आज शब्बाथ. देवाणघेवाण नाही, मोजणं नाही, लिहिणं नाही. पण बसा की. माणसाला बसायला मनाई नाही."

चहा आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत करून थर्मासमध्ये ठेवलेला होता. सकाळी दहापासून मी दोन तास तिथे बसलो. करायला काहीच नव्हतं, म्हणून ते बोलले. तपासणी विभागात बारा लाइफ जॅकेटांची एक पेटी आली होती. सहकाऱ्याने "मी बघितलीत" म्हणून सांगितलं आणि काकांनी न उघडता सही केली. घरी आले. जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना विमानतळावर जाऊन त्यांनी पेटी उघडली. एका जॅकेटची गॅसची नळी रिकामी होती. तेवढी बदलून गप्प बसता आलं असतं. ते साहेबाकडे गेले आणि आपलं नाव सांगितलं. त्यांना मेमो मिळाला, बढती एक वर्ष मागे पडली.

"मेमो कपाटात पासपोर्टाच्या शेजारी आहे. आज काढत नाही, पुढच्या वेळी दाखवतो," ते म्हणाले. "घडी घालणाऱ्याचं नाव घडीच्या आत असतं. बाहेरून कोणाला दिसत नाही. म्हणून ते नाव आपणच सांभाळायचं." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला कधी मेमो मिळालाय?"

"नाही."

हे खरं होतं. त्या दोन तासांत खोली शांत होती, घाई कोणालाच नव्हती, आणि समोरच्या माणसाने आपली चूक आधी सांगून टाकली होती. मला फक्त एक आकडा सांगायचा होता. मी दुसरा कप चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, रिग माझी झाली. त्याआधी त्यांनी घरासमोरच्या लांब व्हरांड्यात चादरी अंथरून माझ्याकडून मुख्य छत्रीची घडी तीनदा घालून घेतली. शेजारच्या बाई भाजीची पिशवी घेऊन दोऱ्या ओलांडून गेल्या. त्यांना सवय असावी. राखीव छत्रीची घडी काकांनी स्वतः घातली, लाल दोऱ्याने सील केली आणि आतल्या कप्प्यातल्या कार्डावर तारीख आणि नाव लिहिलं. "देव करो आणि हे कार्ड कधी वाचायची वेळ न येवो," ते म्हणाले.

हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या एका लहान धावपट्टीवर शिबिर होतं. मी आधीही तिथे उड्या मारल्या होत्या, त्यामुळे माझा खरा आकडा त्यांच्या नोंदीत होता. शिबिराचे प्रमुख निवृत्त सुभेदार होते. त्यांनी माझ्या पाठीवरच्या छत्रीचा आकार वाचून भुवया उंचावल्या. मग खांद्यावरचा ग्रीसचा डाग पाहिला आणि म्हणाले, "ये तो दिघोडकर साहब की रिग है ना? उन्होंने दी है, तो सोच के दी होगी." आणि मला विमानाकडे जाऊ दिलं.

सहाव्या उडीला मी जमिनीच्या फार जवळ आल्यावर वळलो. मोठी छत्री ती चूक पोटात घेते, ही घेत नाही. उजव्या टाचेचं हाड तीन ठिकाणी फुटलं.

खाटेवर घालून नेत असताना सुभेदारांनी विचारलं, "दिघोडकर साहब ने पूछा नहीं था, कितने जंप हैं?"

"वजन करवाया था," मी म्हणालो.

खोटं एकही अक्षर नव्हतं. बातमीत अशा वाक्याला आम्ही सुरक्षित वाक्य म्हणतो.

दोन दिवसांनी गटात सुरू झालं. एकसष्ट उड्यांच्या माणसाला दीडशेची छत्री दिलीच कशी? काटा, गुणाकार, ते सगळं नाटक होतं का? एकाने लिहिलं, 'काका, तुम्हीसुद्धा?' ज्याला त्यांनी गिरणीतून परत पाठवलं होतं, त्याने हसण्याचं चिन्ह टाकलं. मी पाय उशीवर ठेवून हे सगळं वाचत होतो.

संध्याकाळी दिघोडकरांचा संदेश आला. 'चूक माझी आहे. लॉगबुक माझ्या हातात होतं, मी ते वाचलं नाही. यापुढे मला कोणी विचारू नये.' त्याखाली त्यांनी गट सोडल्याची करडी ओळ आली.

एकसष्ट हा आकडा गटात आला त्या क्षणीच त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी एकशे चाळीस हा आकडा कोणाला सांगितला नाही. आमच्या दोघांच्या सह्यांचा तो कागदही कोणाला दाखवला नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे मी असंख्य वेळा लिहिले आहेत. चार ओळी, आतलं पान, 'दिलगीर आहोत'. ते लिहायला मला कधी पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला नव्हता.

तीन आठवड्यांनी ते खारघरला माझ्या घरी आले. हातात डबा होता. "रिबेकाने चिकाचा हलवा दिलाय. गोड जरा जास्त आहे," म्हणाले. पायाकडे पाहिलं, प्लॅस्टर कधी काढणार ते विचारलं. मग म्हणाले, "रिग कुठाय?"

त्यांनी ती दिवाणखान्यात पसरली, खिशातून मोजपट्टी काढली आणि एकेक दोरी मोजायला बसले. उजवीकडच्या, मग डावीकडच्या, आकडे कागदावर. पाऊण तास गेला. मी म्हणालो, "काका, मला तुम्हाला—"

"थांबा, मोजणं चाललंय."

दोऱ्या बरोबर होत्या. ठिगळ शाबूत होतं. त्यांनी छत्रीची घडी घालून ठेवली आणि म्हणाले, "वही द्या."

मी दिली. ते खिडकीजवळ उजेडात बसले. चष्मा कपाळावर घेऊन, कागद डोळ्यांजवळ धरून, बासष्टाव्या ओळीपासून एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागले. ओरडतील असं मला वाटलं होतं. निदान वही फेकतील. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पेटीत कुठलं जॅकेट रिकामं आहे ते शोधणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

"काय बघताय?" मी शेवटी विचारलं.

"मला कुठं कळायला हवं होतं, ते बघतोय."

पाचेक मिनिटांनी त्यांचं बोट थांबलं. "हे. ही तारीख. या दिवशी त्या धावपट्टीवर विमान उडालंच नव्हतं. टायर बसला होता. मी तिथंच होतो, आम्ही दिवसभर पत्ते कुटले." त्यांनी ओळीवर दोनदा बोट आपटलं. "इथं कळलं असतं. चौथं बनावट पान. पाच मिनिटांचं काम होतं."

त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदा घेतली होती तशीच दोन्ही हातांनी परत दिली.

"मी गटात सांगू का?" मी विचारलं. विचारायला नको होतं. विचारणं म्हणजे त्यांनी नको म्हणावं अशी सोय करून ठेवणं.

ते नको म्हणाले नाहीत. "माझ्या पानावरची चूक मी लिहिली," ते म्हणाले. "तुमचं पान तुमच्याकडे आहे."

डबा रिकामा करून घेऊन गेले. हलवा खरोखरच जास्त गोड होता.

त्यानंतर चौदा महिने गेले. पाय बरा झाला, थोडा आखूड पडला. गट चालू होता. लोक जुन्या रिग घेत होते, फोटो आता एकमेकांना दाखवत होते. पनवेलच्या त्या घरात रविवारी रिगबद्दल विचारणारे फोन यायचे, ते बंद झाले. हे मला रिबेकाकाकूंकडून कळलं. छत्र्या तपासायच्या लांब टेबलावर आधी चादर पडली, मग तिथे इस्त्री होऊ लागली. मी सांगणार होतो. आधी पाय बरा होऊ दे म्हणालो, मग निवडणुकांचं काम संपू दे, मग लोक विसरल्यावर उगाच कशाला. या प्रत्येक कारणाला मी त्या त्या वेळी मान डोलावली आहे.

दिघोडकर दांपत्य मुलीकडे कायमचं जायला निघालं, हे मला तिसऱ्याच माणसाकडून समजलं. ते गेल्यावर अकराव्या दिवशी मी गटात लिहिलं. आकडा, वहीतल्या एकोणऐंशी ओळी, तीन पेनं, गिरणीतला सही केलेला कागद, सगळं. चार ओळींत बसलं नाही. उत्तरादाखल पाच जणांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, 'जाऊ द्या हो, जुनी गोष्ट.' सुभेदारांनी काही लिहिलं नाही, पण गटाचे अ‍ॅडमिन तेच होते, तासाभराने त्यांनी मला गटातून काढून टाकलं. दिघोडकर गटात नव्हते. तो मजकूर मी त्यांच्या पनवेलच्या नंबरावरही पाठवला. त्याला एकच टिक आली. आजही एकच आहे.

रिग माळ्यावर आहे. ती विकायची तर जाहिरात लिहावी लागेल, आणि दोष आधी कसे लिहायचे ते मी एका माणसाकडून शिकलो आहे. राखीव छत्रीच्या कार्डावरची मुदत केव्हाच संपली. आत त्यांचं नाव आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी. लिहिलेला खुलासा छापून, घडी करून मी खिशात घेऊन गेलो होतो. आधी त्यांना वाचून दाखवायचा आणि तिथूनच गटात टाकायचा, असं ठरवलं होतं. व्हरांड्यात खोकी होती. काका आणि काकू चादरींच्या घड्या घालत होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. कोणीतरी खालून हाक मारली म्हणून काकूंनी आपल्या हातातली टोकं माझ्या हातात दिली.

"धरा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेपरवाले. आमचं जाणं तेवढं छापू नका म्हणजे झालं. बाकी तरी तुम्ही काय छापलंत?" आणि खाली गेल्या.

मी टोकं धरली. काकांनी चादर ताणली, जवळ आले, माझ्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली, पुन्हा मागे गेले. अशा चार चादरी झाल्या. दर वेळी ते अगदी समोर येत. माझ्या खिशात कागद कुरकुरत होता. भिंतीवर उन्हाचा पट्टा वर चढला होता आणि ते मधून मधून त्याकडे पाहत होते. मावळायच्या आत सगळं बांधून व्हायला हवं होतं.

"घडी चांगली घालता तुम्ही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "निघतो काका."

"बरं."

मी निघालो तसे ते मागोमाग जिन्यापर्यंत आले. आखूड पायामुळे मला कठडा धरून, एकेक पायरी उतरावं लागतं.

"खालून तिसरी," ते वरून म्हणाले. "अजून हलते. नव्या मालकालाही सांगितलंय."

मी तिसऱ्या पायरीवरून पाय लांब टाकला. वर पाहिलं. हातात घडी घातलेली चादर धरून ते वाकून माझ्या पायांकडे बघत होते. मी जमिनीवर उतरलो, तेव्हाच ते सरळ झाले आणि आत गेले.